भुशात निजलेली ठिणगी

पूर्वी पुष्कळ घरांत भुशाची शेगडी असे. काही ठिकाणी ती अजूनही आहे. पत्र्याचा एक डबा घ्यायचा. त्याला खाली बाजूने भोक पाडायचे. डब्यात मधोमध एक बाटली उभी धरायची, भोकातून एक दांडा आत घालायचा आणि भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा. बाटली आणि दांडा अलगद काढून घेतला की आत बोगदा तयार होतो. खालून पेटवले की शेगडी तीन-चार तास चालते. जाळ मोठा नाही, पण धग टिकाऊ. डाळ शिजते, आंघोळीचे पाणी तापते. वर पाहिले तर भुसा जसाच्या तसा दिसतो. आत मात्र तो लाल झालेला असतो.

आता दुसरी गोष्ट आठवा. जत्रेत सोंगे निघतात. मशालवाला मूठभर राळेची पूड ज्योतीवर उधळतो. भक्कन् जाळ उठतो आणि पुढे बसलेली पोरे मागे सरतात. त्याच राळेचा खडा निखाऱ्यावर ठेवला तर तो सावकाश जळतो. राळ तीच, पण खडा निराळा आणि उडालेली पूड निराळी.

असे का होते? ओंडक्याला काडी लावली तर काडीच विझते. त्याच ओंडक्याची ढलपी पेटते. रंध्याचा कीस तर लगेच पेटतो. आगीला जसे लाकूड लागते, तशी हवाही लागते. ओंडक्याला हवा फक्त वरच्या अंगाने मिळते. बारीक भुशाच्या कणाला ती चारी बाजूंनी मिळते. म्हणून भुसा दोन तऱ्हांनी जळतो. ढिगात दबलेला असला की आतल्या आत धुमसतो, तासन् तास, कुणाला पत्ता लागू न देता. हवेत उडालेला असला की एका क्षणात भडकतो. पहिली तऱ्हा चोराची आहे, दुसरी दरोडेखोराची. आणि पुष्कळदा चोरच दरोडेखोराला आतून कडी काढून देतो.

आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत भुसा आणि पूड यांना तोटा नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखाने पाहा. शंभर किलो ऊस गाळला की सुमारे तीस किलो ओला चोथा निघतो. त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. तो बॉयलरमध्ये जळणाला जातो, उरलेल्याचे डोंगर लागतात. गुऱ्हाळावर चिपाडे वाळत पडलेली असतात. पिठाची गिरणी तर गावोगाव आहे. या सगळ्या जागी आगीची धास्ती असतेच, आणि तिथल्या माणसांना ती ठाऊकही असते. आम्ही आज लिहिणार आहोत ते सुतारांसाठी, आणि त्यातही घराला लागून पत्र्याची शेड टाकून काम करणाऱ्यांसाठी. कारण कारखान्याला पहारेकरी असतो, बंब असतो. घरच्या शेडला कोण असते? भिंतीपलीकडे झोपलेली लेकरे.

पूर्वीचा सुतार करवतीने कापी आणि रंध्याने तासे. भुसा पायाशी पडे, संध्याकाळी घरची बाई तो झाडून चुलीकडे नेई. आता विजेचे कटर आले, विजेचा रंधा आला, पॉलिशपेपरचे यंत्र आले. भुसा पूर्वीच्या कितीतरी पट निघू लागला आणि तोही पिठासारखा. तो नाकात जातो, छातीत बसतो. लाकडाच्या धुळीने नाकाच्या आतल्या भागाचा कर्करोग होऊ शकतो, हे आता डॉक्टरांनी सिद्ध केलेले आहे. म्हणून भुसा ओढणारे यंत्र आले. त्याला डस्ट कलेक्टर म्हणतात. एक मोटार, तिच्यावर पंखा, पंख्याला जोडलेला जाड पाईप आणि पुढे कापडाची मोठी पिशवी. पाईपचे तोंड कटरजवळ ठेवले की भुसा ओढला जातो आणि पिशवीत साठतो. कुणी विकत घेतो, कुणी जुना ब्लोअर आणि शेतातला पीव्हीसी पाईप जोडून घरीच करतो. यंत्र चांगले आहे. ते काढून टाका असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. छाती वाचवायची असेल तर ते हवेच. पण ते कसे वागते हे ज्याच्या घरात आहे त्याला समजले पाहिजे.

मिस्त्रींच्या घरी काय झाले

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मिस्त्री येतात. बारामती-इंदापूर रस्त्याच्या बाजूला त्यांचे घर. नाव सांगत नाही, त्यांनी सांगू नका म्हटले आहे. घर दोन खोल्यांचे, आणि त्याला लागून शेड. जुन्या वाड्याचे सागवान आणून ते पलंग आणि कपाटे करतात. जुने सागवान म्हणजे सोने, असे ते म्हणतात. पण त्या सोन्यात खिळे असतात. कधी खिळ्याचे डोके गंजून गेलेले असते आणि खिळा लाकडात बुडालेला राहतो.

एका संध्याकाळी तुळई चिरताना कटरचे पाते खिळ्यावर गेले. करकर आवाज झाला. चार ठिणग्या उडाल्या. मिस्त्रींनी यंत्र थांबवले, पक्कड घेऊन खिळ्याचा तुकडा उपसून काढला आणि पुन्हा काम सुरू केले. भुसा ओढणारे यंत्र तेव्हा चालूच होते. सात वाजता सगळे बंद करून ते जेवायला गेले. पिशवी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. उद्या रिकामी करू म्हणाले.

रात्री दोनच्या सुमारास त्यांची आई जागी झाली. म्हातारीला खोकला आला होता. तिने अंधारातच हाक दिली, "सूनबाई, अगं भुशाची शेगडी कुणी पेटवलीय गं?"

घरात शेगडी नव्हती. तिला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. पण म्हातारीने वास ओळखला.

मिस्त्रींनी शेडचे दार उघडले. धुराने आत काही दिसेना. पिशवीच्या कापडावर भाकरीएवढा तपकिरी डाग पडला होता. थोरला मुलगा पुढे धावला. "आबा, मी बाहेर टाकतो," म्हणून त्याने पिशवी कवटाळून उचलली. जळके कापड हातातच फाटले. सगळा भुसा खाली कोसळला आणि त्याचा ढग उडाला. मघा आम्ही राळेचे सांगितले, तेच झाले. भडका छताला लागला. मुलाचे दोन्ही हात आणि तोंड भाजले. शेजारचे लोक बादल्या घेऊन धावले म्हणून घर वाचले. मुलगा बरा झाला, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून पुरती मिटत नाहीत. सुताराच्या पोराच्या हाताची बोटे. मिस्त्री हे सांगताना आपल्याच हाताकडे पाहत होते.

आता हिशेब करून पाहा. ठिणगी पडली सहाच्या सुमाराला. जाग आली दोनला. मधले आठ तास काय चालले होते?

पात्याने खिळा घासला तेव्हा लोखंडाचा एक बारीक कण तापून लाल झाला. अशा कणाची उष्णता हजार अंशांच्याही वर असते. उघड्यावर तो जमिनीवर पडून विझला असता. पण पाईपचे तोंड तिथेच होते. यंत्राने भुशाबरोबर त्यालाही ओढले. वाटेत वाऱ्याने त्याला फुंकर मिळाली. तो पिशवीत भुशाच्या मध्ये जाऊन पडला. वरून आणखी भुसा आला आणि त्याच्यावर पांघरूण पडले. लाकडाचा भुसा सुमारे तीनशे अंशांना धुमसू लागतो. कणाभोवती चिमूटभर भुसा लाल झाला, मग मूठभर, मग पायलीभर. यंत्र बंद झाले म्हणून आग विझली नाही. कापडातून हवा पाझरत होती, तेवढी तिला पुरे झाली. म्हणजे ज्या यंत्राने घर स्वच्छ ठेवायचे, त्याच यंत्राने ठिणगी वेचून आणली, तिला वारा घातला आणि जळणात निजवली.

दूरच्या तीन गोष्टी

पूड स्फोट करते म्हटले की माणसे हसतात. पीठ काय, भुसा काय, त्याची का दारू आहे? म्हणून थोडे दूरचे सांगतो.

इटलीतल्या तुरीन शहरात १४ डिसेंबर १७८५ रोजी एका पाववाल्याच्या पिठाच्या कोठीत स्फोट झाला. पोरगा फावड्याने पीठ ओढत होता, जवळ दिवा जळत होता. पिठाचा ढग उडाला आणि दिव्याने पेट घेतला. पोरगा भाजला. पिठाच्या स्फोटाची नीट लिहून ठेवलेली ही फार जुनी हकीकत आहे.

दुसरी आपल्या ऊसवाल्या भागाने लक्षात ठेवण्याजोगी. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे साखर शुद्ध करण्याचा मोठा कारखाना होता. ७ फेब्रुवारी २००८ रोजी तिथे साखरेच्या धुळीचा स्फोट झाला. चौदा माणसे मेली. साखर वाहणारा पट्टा चारी बाजूंनी पत्र्याने बंद केला होता, त्यात धूळ कोंडली. पहिला स्फोट तिथे झाला. त्या हादऱ्याने तुळयांवर, कठड्यांवर साठलेली वर्षानुवर्षांची साखरेची धूळ खाली उडाली आणि एकामागून एक स्फोट होत गेले. खरा घात केला तो वर साठलेल्या, कुणी न पुसलेल्या धुळीने.

तिसरी गोष्ट लाकडाचीच. कॅनडात २०१२ साली जानेवारीत बर्न्स लेक येथे आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज येथे अशा दोन लाकूड गिरण्या उडाल्या. दोन्हीकडे दोन-दोन कामगार गेले. तिथले लाकूड किडीने मरून वाळलेले होते, म्हणून त्याची पूड फार बारीक आणि कोरडी होती. आपल्या जुन्या वाड्यांचे सागवानही शंभर वर्षे वाळलेले असते, हे ध्यानात घ्या.

पण घाबरूनही जाऊ नये. लाकडाची पूड हवेत पेटायला ढग दाट लागतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा जागेत सुमारे चाळीस ग्रॅम तरी पूड तरंगत असली पाहिजे. एवढा दाट ढग असला की त्यात श्वास घेववत नाही. हवेशीर शेडमध्ये रोजच्या कामात तो होत नाही. तो होतो पाईपच्या आत, पिशवी झटकताना, तुळया झाडताना, किंवा पेटलेली पिशवी फाटली म्हणजे. घरगुती शेडमधले मोठे भय स्फोटाचे नाही, धुमसण्याचे आहे. झोपलेल्या माणसाला जाळाआधी धूरच मारतो. हे भय टाळता येते, आणि त्याला पैसाही फार लागत नाही.

ठिणगी कुठून येते

खिळ्याचे सांगून झाले. जुने लाकूड आले की आधी ते उन्हात आडवे टाकून नीट पाहावे. काळा डाग दिसला की तिथे खिळा आहे असे समजावे. लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवला तर बुडालेला खिळाही तो सांगतो. एमआयडीसीतून सामानाखालच्या जुन्या पाटांची लाकडे स्वस्त मिळतात, त्यांत तर खिळ्यांचे जंगलच असते. अर्धा तास खिळे काढण्यात गेला तर गेला.

दुसरी सवय याहून वाईट. संध्याकाळी पुष्कळ जण पाईपचे तोंड सोडवून त्यानेच जमीन साफ करतात. हात वाचतात खरे. पण जमिनीवर स्क्रू असतात, चुका असतात, वॉशर असतात. भुशाबरोबर ते वर ओढले जातात आणि फिरत्या लोखंडी पंख्यावर खाडकन् आपटतात. ठिणगी पंख्यातच तयार होते आणि पुढे लगेच पिशवी. जमीन केरसुणीने झाडावी. केर आधी चाळावा, खिळे डब्यात, भुसा ड्रममध्ये. मिस्त्रींच्या सूनबाईंनी हे काम हाती घेतले आहे. महिन्याला किलो-दीड किलो खिळे निघतात म्हणतात, ते भंगारात जातात.

तिसरी गोष्ट ग्राइंडर. पटाशीला धार लावायची, गेटाचा गज कापायचा, तर ग्राइंडरमधून फुलबाजीसारख्या ठिणग्या पडतात. एका शेडमध्ये ग्राइंडरखाली भुशाच्याच यंत्राचा पाईप लावलेला आम्ही पाहिला. लोखंडाची पूड उडते म्हणून लावला, असे उत्तर मिळाले. याला काय म्हणावे! लाकडाच्या यंत्राला लोखंडाचे काम कधीही जोडू नये. ग्राइंडर आणि वेल्डिंग शेडबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून, भुशापासून लांब करावे.

बोथट पातेही आग लावते. धार गेली की पाते लाकूड कापत नाही, घासते. लाकडाला काळा पट्टा पडतो, जळका वास येतो. तो वास आला की काम थांबवा. त्याच वेळी धुमसता भुसा पिशवीकडे निघालेला असतो. पाते पाजळायला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात नवे हात मिळत नाहीत. विडी-सिगारेटचे आम्ही वेगळे सांगत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि तरीही शेडच्या दारात थोटके पडलेली असतात.

आता एक गोष्ट अशी, की जी पुष्कळ जाणत्या सुतारांनाही खरी वाटत नाही. लाकडाला जवसाचे तेल लावतात. त्याला अळशीचे तेलही म्हणतात. तेल पुसलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती काडी न लावता आपोआप पेटू शकते. हे तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि घेताना तापते. चिंधी दोरीवर पसरलेली असली तर ती ऊब वाऱ्यावर जाते. बोळा केलेला असला तर ऊब आतच कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी चिंधी धुमसते. ओल्या कडब्याची गंजी आतून गरम होते हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. तिथे कारण निराळे असते, पण ऊब कोंडण्याची तऱ्हा हीच. अशी चिंधी भुशाच्या पिशवीत गेली तर मग काही सांगायलाच नको. चिंध्या बाहेर दोरीवर एकेक पसरून कडक वाळू द्याव्या. नाहीतर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्या.

प्लॅस्टिकच्या पाईपमधून भुसा वेगाने गेला की त्यावर स्थिर वीज साठते. हात लावला तर चटका बसतो, अंगावरचे केस उभे राहतात. त्याने स्फोट होईल म्हणून कुणी पाईपला तांब्याची तार गुंडाळून ती जमिनीत गाडतात. गुंडाळावी, चटका वाचतो. मोठ्या कारखान्यात ही खबरदारी फार महत्त्वाचीही आहे. पण घरच्या शेडमध्ये तार गुंडाळली म्हणजे आगीचा बंदोबस्त झाला, असे समजू नये. तारेचा घोर लावून घ्यायचा आणि खिळा तसाच चिरायचा, हा उलटा कारभार आहे. मोटारीच्या अंगाला मात्र पक्के अर्थिंग हवेच, ते शॉकसाठी. मोटारीवर साठलेला भुसा रोज पुसावा. भुशाने दडपलेली मोटार तापते.

मिस्त्रींनी काय बदलले

मुलगा दवाखान्यातून घरी आल्यावर मिस्त्रींनी यंत्र नव्याने मांडले. पूर्वी भुसा आधी पंख्यातून जाई, मग पिशवीत. आता पंख्याच्या आधी झाकणाचा लोखंडी ड्रम बसवला आहे. पाईप ड्रमच्या कडेने आत शिरतो, त्यामुळे वारा आत भोवऱ्यासारखा फिरतो. जड तुकडे, खिळे आणि पुष्कळसा भुसा खाली ड्रममध्ये पडतो. पंख्याकडे जाते ती हलकी पूड. खिळा पंख्यावर आपटण्याचा प्रश्न बहुतेक मिटला. ठिणगी ड्रममध्ये पडू शकते, हे खरे. पण पत्र्याचा ड्रम कापडासारखा जळत नाही, आणि तो उचलून नेता येतो.

पंखा आणि पिशवी त्यांनी शेडबाहेर, घराच्या उलट बाजूला, साध्या छपराखाली नेली. भिंत घराची नाही, आणि वर झोपायची माडी नाही. पावसाळ्यात छपराला ताडपत्री लावतात.

सर्वांत मोठा बदल मात्र वेळेचा आहे. पूर्वी दिवेलागणीपर्यंत कटर चाले. आता जेवणाआधी तासभर कापकाम बंद. त्या तासात खिळे मारणे, सरस लावणे, हत्यारे पुसणे अशी बिनभुशाची कामे. मग ड्रम आणि पिशवी रिकामी करायची, रोज, किती का कमी भरेना. भुसा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात घालून अंगणाच्या टोकाला, घरापासून आणि गंजीपासून दूर. पाते खिळ्यावर गेले, ठिणगी दिसली, की त्याच क्षणी यंत्रे बंद. आधी पाईप, मग ड्रम, मग पिशवी पाहायची, हाताला ऊब लागते का, वास येतो का. काहीच नसले तरी तो भुसा लगेच बाहेर काढून पाणी शिंपडायचे. झोपण्यापूर्वी एक फेरी. ही फेरी म्हातारीची. तिच्या नाकावर सगळ्यांचा विश्वास बसला आहे.

शेडच्या तुळया, पत्र्याखालचे नळे, ट्यूबलाइटची पट्टी यांवरची पूड दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसतात. हवेच्या पाईपने ती उडवत नाहीत. उडवली तर साफ काहीच होत नाही. धूळ फक्त जागा बदलते, आणि मधल्या वेळात तिचा ढग होतो.

घराच्या आतल्या भिंतीवर त्यांनी धुराची सूचना देणारे एक लहान यंत्र लावले आहे. ते बॅटरीवर चालते आणि धूर आला की जोराने वाजते. शेडमध्ये ते भुशानेच वाजत राहील, म्हणून ते झोपायच्या खोलीत आहे.

भुसा धुमसलाच तर

प्रथम विजेचे मुख्य बटण बंद करा. यंत्र चालू असले तर ते वारा घालत असते. मुले आणि म्हातारी माणसे घराबाहेर काढा. पिशवी झटकू नका, ओढू नका, फाडू नका. ड्रमचे झाकण उघडून आत डोकावू नका. उघडले की हवा शिरते आणि तोंडावर भडका येतो. बादलीतले पाणी जोराने फेकू नका. पाण्याच्या माराने कोरडा भुसा उडतो. वीज बंद झाली आहे याची खात्री करून घ्या आणि बागेच्या झारीने किंवा हलक्या फवाऱ्याने बाहेरून पिशवी भिजवा, चिंब होईपर्यंत. जाळ दिसत असेल, किंवा शेड धुराने भरली असेल, तर दार लोटून घ्या आणि मागे फिरा. १०१ ला फोन करा, तो लागला नाही तर ११२ ला. पत्ता सांगताना गावाचे नाव, वाडी, जवळची खूण आणि "लाकडाच्या भुशाला आग आहे" एवढे स्पष्ट सांगा.

आग विझली असे वाटले तरी ती विझलेली नसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावर असेच झाले. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि युद्धाचा दारूगोळाही होता. कापूस खोल तळाशी धुमसत होता. दुपारी धूर दिसला, बंबवाल्यांनी टनावारी पाणी ओतले, पण कापसाच्या आतली आग नेमकी कुठे आहे ते कळेना. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज उडाले. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी कामी आले. म्हणून १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपल्या शेडमध्ये दारूगोळा नसतो. पण भुसा आणि कापूस यांचा स्वभाव एकच. भिजवलेला भुसा उघड्यावर फावड्याने पातळ पसरा, पुन्हा भिजवा, आणि रात्रभर कुणीतरी जागे राहा.

अंग भाजले तर लगेच वाहते थंड पाणी घाला, सुमारे वीस मिनिटे. बर्फ नको. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा, स्वच्छ कापडाने सैल झाका आणि दवाखाना गाठा. त्या रात्री मिस्त्रींच्या मुलाच्या हाताला शेजाऱ्याने टूथपेस्ट फासली होती. डॉक्टरांना आधी ती काढावी लागली, आणि ते पोराला भाजण्याहून अधिक दुखले.

साठलेल्या भुशाचे काय करायचे, हा प्रश्न आम्हाला वर्गात नेहमी विचारतात. साध्या लाकडाचा कोरडा भुसा कोंबड्यांच्या शेडमध्ये खाली पसरायला घेतात, आणि आपल्याकडे कोंबडीपालन पुष्कळ आहे. फक्त त्यात खिळा किंवा चूक राहता कामा नये, कोंबडी ती टिपते. प्लायवूडचा, रंग लावलेल्या किंवा वाळवीचे औषध मारलेल्या लाकडाचा भुसा जनावराला देऊ नये आणि शेगडीतही घालू नये, त्याचा धूर विषारी असतो. मिस्त्री आता दोन पिंपे ठेवतात. एकावर त्यांनी स्वतःच्या हाताने खडूने "कोंबडीचा" लिहिले आहे आणि दुसऱ्यावर "फेकायचा". दुसऱ्यातला "फे" पहिल्यांदा उलटा आला होता, तो त्यांनी पुसून पुन्हा लिहिला.